कापूरहोळचा फाटा आणि सोर्स कोडची वाटणी

ऑपरेटिंग सिस्टीमचा सोर्स कोड हार्डवेअरनुसार तोडून वाटला, तर डाऊनलोड हलके होईल, ही कल्पना जुनी आणि मोहक आहे. मात्र गेल्या तीन दशकांचा अनुभव वेगळाच धडा देतो. गठ्ठे वेगळे करणे हितकारक ठरले, पण मूळ कोड वेगळा करणे महागात पडले. त्याची किंमत आज स्वस्त फोन आणि जुने संगणक वापरणाऱ्यांना मोजावी लागत आहे.

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेल्या महामार्गावर कापूरहोळला रस्ते फुटतात. उजवीकडे भोर आणि पुढे वरंधा घाटातून महाड, डावीकडे नारायणपूर आणि सासवड, तर सरळ गेल्यास सातारा-कोल्हापूर. छत्रपती संभाजी महाराजांच्या दूधआई धाराऊ यांचे गाव म्हणून इतिहासात कापूरहोळची नोंद आहे. आज बहुसंख्य प्रवाशांना मात्र ते भोरचा फाटा म्हणूनच ठाऊक असते. महामार्गालगत मोबाइलचा संपर्क बरा असतो. फाट्यावरून आत, भोर-वेल्ह्याच्या डोंगरकुशीत शिरत गेले की तो क्षीण होत जातो. अशा ठिकाणी हातातल्या फोनवर 'नवीन अपडेट उपलब्ध' असा संदेश झळकतो आणि त्याखाली आकडा दिसतो. तो कधी काहीशे एमबीचा असतो, कधी दोन-तीन जीबीचा. रोज दीड-दोन जीबीची मर्यादा असलेल्या प्लॅनवर फोन चालवणारा ग्राहक साहजिकच तो संदेश बाजूला सारतो. सुरक्षिततेची दुरुस्ती तिथेच राहते.

अशा वेळी एक साधा प्रश्न पडतो. या गठ्ठ्यात आपल्या यंत्राला उपयोगी असे किती आणि दुसऱ्याच्या यंत्रासाठी असलेले ओझे किती? भोरला जाणाऱ्याने कोल्हापूरचे तिकीट का काढावे?

प्रश्न जुना, संदर्भ नवा

हा प्रश्न सर्वप्रथम लिनक्सच्या संदर्भात ठळकपणे पुढे आला, कारण लिनक्सचा सोर्स कोड कोणालाही मुक्तपणे उतरवून घेता येतो. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर चालणारी पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यात जेमतेम १० हजार ओळी होत्या. मार्च १९९४ मधील १.० आवृत्ती पावणेदोन लाख ओळींची होती आणि आकुंचित स्वरूपात ती एका फ्लॉपीत मावत होती. १९९५ च्या १.२ आवृत्तीपासून अल्फा, स्पार्क, मिप्स अशा अन्य प्रोसेसरांसाठीचा कोड त्याच झाडात येऊ लागला. डिसेंबर २००३ मध्ये २.६ आवृत्ती आली, तेव्हा ओळींची संख्या ५९ लाखांवर आणि उतरवायच्या फाइलचा आकार सुमारे ३३ एमबीवर गेला होता. २०२५ च्या प्रारंभी ओळींनी चार कोटींचा टप्पा गाठला. आकुंचित फाइलही आज १३०-१४० एमबीच्या घरात असते.

या वाढीचा अर्थ भारतीय वापरकर्त्याला फार लवकर कळला. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, ती टेलिफोनच्या तारेवरून. पुढे ५६ केबीपीएसचे मोडेम आले, तरी प्रत्यक्षात सेकंदाला पाचेक किलोबाइट हाती लागत. या हिशेबाने ३३ एमबीची फाइल उतरवायला एक तास पन्नास मिनिटे लागत, तीही मध्येच फोन तुटला नाही तर. संपूर्ण लिनक्सची एक सीडी, म्हणजे ६५० एमबी, उतरवायची झाल्यास छत्तीस तास. टेलिफोनचे बिल वेगळेच.

त्यामुळे भारतात लिनक्स पसरले ते तारेवरून नव्हे, तर टपालाने. 'पीसीक्वेस्ट' या मासिकाने १९९६ मध्ये अंकासोबत लिनक्सची सीडी वाचकांच्या हाती दिली. त्यामागे पुढाकार होता तो या मासिकाचे सल्लागार संपादक अतुल चिटणीस यांचा. बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूटमध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या आणि पुढे बंगळुरूत स्थायिक झालेल्या चिटणीस यांचे २०१३ मध्ये निधन झाले. डाऊनलोडचा प्रश्न कोड तोडून नव्हे, तर वितरणाची वाट बदलून सोडवता येतो, हे त्या सीडीने दाखवून दिले होते. हा धडा पुढे अनेकदा विसरला गेला.

तोडण्याची कल्पना

कल्पना वरवर पाहता अगदी तर्कशुद्ध आहे. लिनक्सच्या सोर्स कोडमध्ये प्रत्येक प्रोसेसर-कुळासाठी एक स्वतंत्र कप्पा आहे. इंटेल-एएमडीचा वेगळा, एआरएमचा वेगळा, मिप्स, पॉवरपीसी, स्पार्क यांचे वेगळे. इंटेलचा संगणक असलेल्या माणसाला आयबीएमच्या महासंगणकासाठी लिहिलेल्या कोडचा काडीचाही उपयोग नसतो. मग हे कप्पे वेगळे करावेत, सामाईक भाग एका फाइलीत ठेवावा आणि ज्याला जो कप्पा हवा तो त्याने उतरवावा. दुकानदार सगळे दुकान गिऱ्हाइकाच्या पिशवीत भरत नाही. मग सॉफ्टवेअरवाल्यांनी ते का करावे?

पहिला अडथळा गणिताचा आहे. लिनक्सच्या कोडमधील निम्म्याहून अधिक हिस्सा प्रोसेसरच्या कप्प्यांत नाहीच. तो ड्रायव्हरमध्ये आहे, म्हणजे प्रिंटर, कॅमेरा, वायफाय, ग्राफिक्स कार्ड अशा हजारो उपकरणांना चालवणाऱ्या कोडमध्ये. हा भाग प्रोसेसरनुसार तोडता येत नाही, कारण तीच यूएसबी आणि तेच नेटवर्क कार्ड इंटेलच्या संगणकातही असते आणि एआरएमच्या फोनमध्येही. प्रोसेसरचे कप्पे त्या मानाने लहान आहेत. समजा, ते काढून टाकल्याने फाइलीचा पाचवा हिस्सा वाचला, तर २००३ च्या मोडेमवर एक तास पन्नास मिनिटांचे काम दीड तासात झाले असते. हा दिलासा नगण्य नाही. पण ज्यासाठी सगळी रचना मोडावी, एवढा मोठाही नाही.

दुसरा अडथळा अभियांत्रिकीचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. कर्नलच्या गाभ्यातील एखादी सामाईक व्यवस्था बदलली, उदाहरणार्थ स्मृतीचे वाटप किंवा घड्याळाची पद्धत, तर तिच्यावर विसंबलेला प्रत्येक कप्पा त्याच वेळी बदलावा लागतो. सगळे एका झाडात असल्यास बदल करणाराच सर्व ठिकाणी तो करतो आणि कुठे काही मोडले तर ते लगेच दिसते. कप्पे वेगळ्या फाइलींत, वेगळ्या माणसांच्या हाती गेले की गाभा पुढे जातो आणि कप्पा मागे राहतो. हा तर्क केवळ कागदावरचा नाही. मिप्स आणि मोटोरोलाच्या ६८००० मालिकेसाठीचे काम अनेक वर्षे मुख्य झाडाबाहेर स्वतंत्रपणे चालले. मुख्य आवृत्तीशी त्याचा मेळ घालणे हेच त्या स्वयंसेवकांचे एक मोठे काम होऊन बसले होते.

म्हणून लिनक्सने तोडण्याचा मार्ग पत्करला नाही. त्याऐवजी दोन आवृत्त्यांमधील फरक तेवढा वेगळा देण्याची जुनी पद्धत कायम ठेवली. पूर्ण फाइल एकदाच उतरवायची, पुढे फक्त 'पॅच' घ्यायचे, असा तो व्यवहार होता. एप्रिल २००५ मध्ये टॉरवाल्ड्स यांनीच 'गिट' ही व्यवस्था लिहिली आणि बदलांची देवाणघेवाण अधिक सुलभ झाली. जुना इतिहास वगळून केवळ अलीकडची अवस्था घेणे, किंवा हवे तेवढेच फोल्डर डिस्कवर मांडणे, या सोयी पुढे गिटमध्ये आल्या. झाड एकच ठेवायचे आणि ज्याने त्याने आपल्या गरजेपुरती फांदी पाहायची, अशी ही तडजोड आहे.

जिथे वाटणी योग्य ठरली

याचा अर्थ हार्डवेअरनुसार वाटणी सर्वत्र चुकीची ठरली, असा नव्हे. सोर्स कोडऐवजी तयार प्रोग्रॅमची, म्हणजे बायनरीची वाटणी केली तिथे ती कमालीची यशस्वी झाली. डेबियन या लिनक्स वितरणाने जून २००५ मध्ये 'सार्ज' ही आवृत्ती अकरा आर्किटेक्चरसाठी प्रसिद्ध केली, ती प्रत्येकासाठी वेगळ्या सीडी काढून. परंतु जगभरातील ज्या सर्व्हरवर डेबियनच्या प्रती ठेवल्या जात, त्यांना सगळ्यांचेच ओझे वाहावे लागे. नव्या ६४ बिट प्रोसेसरसाठीच्या आवृत्तीला तेथे जागा करणे कठीण झाले होते. अखेर मिरर चालवणाऱ्याने हव्या त्याच आर्किटेक्चरची प्रत ठेवावी, अशी सोय करण्यात आली. सोर्स कोड मात्र सर्वांसाठी एकच राहिला.

मोबाइलच्या दुनियेत हेच तत्त्व पुढे मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. ॲपलने २०१५ मध्ये आयफोनच्या ॲपमधून त्या विशिष्ट फोनला अनावश्यक भाग वगळून पाठवण्याची पद्धत आणली. गुगलने २०१८ मध्ये 'ॲप बंडल' जाहीर केले आणि ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवरील नव्या ॲपना ते सक्तीचे केले. यात ॲप तयार करणारा सर्व प्रोसेसर, सर्व पडदे आणि सर्व भाषांसाठीचा एकच गठ्ठा गुगलकडे देतो. गुगल त्यातून ज्या फोनला जे हवे तेवढेच काढून पाठवते. कापूरहोळच्या फाट्यावर उभा राहून कोणी आज एखादे ॲप उतरवतो, तेव्हा त्याच्या फोनच्या प्रोसेसरपुरता, पडद्यापुरता आणि भाषेपुरताच भाग तारांतून येतो. दोन दशकांपूर्वी मागितलेली वाटणी अशी साध्य झाली, मात्र सोर्स कोडला धक्का न लावता.

वाटणीने केलेले नुकसान

याउलट, अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी जे घडले ते या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण होय. प्रत्येक चिप-निर्मात्याने लिनक्सची एक प्रत घेतली आणि आपल्या चिपसाठी ती वेगळी वाढवली. फोन बनवणाऱ्या कंपन्यांनी तीत आणखी बदल केले. परिणामी, वेगवेगळ्या फोनमध्ये मूळ झाडापासून तुटलेली वेगवेगळी प्रत आली. मुख्य लिनक्समध्ये सुरक्षिततेची एखादी त्रुटी दुरुस्त झाली, तरी ती दुरुस्ती या असंख्य प्रतींमध्ये हाताने न्यावी लागे. महागड्या फोनसाठी कंपन्या तो खर्च करत. स्वस्त फोनसाठी तो परवडत नसे. आठ-दहा हजारांचा फोन घेणाऱ्याला एक-दोन वर्षांत अपडेट मिळेनासे होण्यामागे कंपन्यांच्या व्यापारी हिशेबाइतकेच हे तांत्रिक कारणही होते.

एआरएम प्रोसेसरच्या बाबतीत मुख्य लिनक्समध्येही हीच प्रवृत्ती शिरली होती. प्रत्येक कंपनी आपल्या सर्किट बोर्डासाठी स्वतंत्र फाइली आणून ठेवत असे आणि त्यांत तोच तोच कोड पुन्हा पुन्हा येई. मार्च २०११ मध्ये टॉरवाल्ड्स यांनी यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. त्यानंतर उपाय निघाला तो 'डिव्हाइस ट्री'चा. कोड सामाईक ठेवायचा आणि कोणत्या बोर्डावर काय कुठे जोडले आहे याचे वर्णन तेवढे वेगळ्या छोट्या फाइलीत द्यायचे. डिसेंबर २०१२ मधील ३.७ आवृत्तीत एकच कर्नल अनेक प्रकारच्या एआरएम यंत्रांवर चालवता येऊ लागला. अँड्रॉइडमध्येही गुगलने २०१७ मध्ये 'प्रोजेक्ट ट्रेबल'द्वारे फोनच्या हार्डवेअरशी निगडित भाग बाकीच्या प्रणालीपासून वेगळा काढला. अँड्रॉइड १२ पासून सर्वांसाठी सामाईक कर्नलची योजना अमलात येऊ लागली. म्हणजे तोडलेले पुन्हा सांधण्यात उद्योगाचे जवळपास एक दशक गेले.

एकाकी फांद्या

वेगळे काढण्यातील आणखी एक धोका कमी बोलला जातो. ज्या एसटी मार्गावर प्रवासी कमी, त्याची फेरी आधी बंद होते. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्समधून ३८६ प्रोसेसरचा आधार काढून टाकण्याचा निर्णय झाला, म्हणजे ज्या यंत्रावर लिनक्स जन्मले त्याचाच. २०१८ च्या ४.१७ आवृत्तीत आठ आर्किटेक्चर एकदम वगळली गेली आणि सुमारे पाच लाख ओळी कमी झाल्या. जानेवारी २०२४ मध्ये इटॅनियमची पाळी आली. हे निर्णय अविचाराचे नव्हते. ज्या यंत्रांचे वापरकर्तेच उरले नाहीत, त्यांचा कोड सांभाळण्यात अर्थ नव्हता. पण सगळे एका झाडात असल्यामुळे ही कात्री उघडपणे, चर्चा होऊन चालली, हे लक्षात घ्यावे लागेल. वेगळ्या फाइलीत टाकलेला कप्पा कोणाच्या ध्यानातही न येता मरून गेला असता.

मार्च २००५ मध्ये डेबियनच्या काही पदाधिकाऱ्यांनी व्हँकुव्हर येथील बैठकीनंतर अधिकृत आर्किटेक्चर अकरावरून चारवर आणण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा मोठे वादळ उठले होते. आज तसा प्रसंग अधिक जवळ आला आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या संगणकांना लिनक्सचा आसरा असतो, असे अशा वेळी सांगितले जाते. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्येही ३२ बिट इंटेल संगणकांसाठी अधिकृत कर्नल आणि इन्स्टॉलर देण्यात आलेला नाही. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली 'बॉस' ही भारतीय भाषांना आधार देणारी प्रणाली डेबियनवरच बेतलेली आहे. ग्रामीण शाळेतील संगणक कक्षात दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे संगणक असतील, तर हा निर्णय त्या कक्षाच्या दारापर्यंत येऊन पोहोचतो.

पवईची चिप आणि धोरण

महाराष्ट्राचा या प्रश्नाशी आणखी एका बाजूने थेट संबंध आहे. मुंबईच्या आयआयटीमध्ये प्रा. माधव देसाई यांच्या नेतृत्वाखाली 'अजित' हा स्वदेशी मायक्रोप्रोसेसर विकसित झाला आणि २०१९ मध्ये तो जगासमोर आला. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत तो १८० नॅनोमीटर तंत्राने घडवण्यात आला. ही चिप स्पार्क व्ही-८ या खुल्या, ३२ बिट आर्किटेक्चरवर आधारित आहे. नवा आर्किटेक्चर शोधण्याऐवजी प्रस्थापित आर्किटेक्चर घेतल्याने कंपायलरपासून ऑपरेटिंग सिस्टीमपर्यंतचे तयार सॉफ्टवेअर तिला उपलब्ध होते. मात्र ३२ बिट स्पार्क वापरणारे जगात आता मोजकेच आहेत. उद्या तो कप्पा मुख्य झाडातून निघाला, तर ते ओझे अशा चिपा घडवणाऱ्यांच्या शिरावर पडेल. केंद्र सरकारने एप्रिल २०२२ मध्ये जाहीर केलेला 'डीआयआर-व्ही' कार्यक्रम रिस्क-व्ही या आर्किटेक्चरवर भर देतो, यामागेही ही जाण असावी. रिस्क-व्हीचा कप्पा जानेवारी २०१८ च्या ४.१५ आवृत्तीपासून मुख्य लिनक्समध्ये आहे आणि जगभरातील अनेक कंपन्या तो सांभाळतात.

या पार्श्वभूमीवर धोरणाची दिशा स्पष्ट दिसते. पहिली गोष्ट खरेदीची. सरकारी निविदांमधून शाळा आणि कार्यालयांसाठी टॅब किंवा संगणक घेताना, त्यांचा कोड मुख्य लिनक्समध्ये समाविष्ट आहे काय आणि किती वर्षे अपडेट मिळणार, ही अट किमतीइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे. स्वस्त पण तुटक प्रतीवर चालणारे यंत्र दोन वर्षांत असुरक्षित होते आणि अखेरीस ते महागच पडते.

दुसरी गोष्ट वितरणाची. वीस संगणकांच्या कक्षाने एकच अपडेट वीसदा उतरवण्याचे कारण नाही. विंडोज १० पासून एकाच नेटवर्कवरील संगणक अपडेटची आपसात वाटणी करू शकतात. डेबियनसाठी तर इंटरनेट नसलेल्या संगणकाची यादी पेन ड्राइव्हवर नेऊन, दुसरीकडून अपडेट आणण्याची 'ॲप्ट-ऑफलाइन'सारखी साधने उपलब्ध आहेत. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे 'भारतनेट' या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेतून ऑप्टिकल फायबर ग्रामपंचायतींपर्यंत नेण्याचे काम सुरू आहे. तालुक्याच्या ठिकाणी शासकीय प्रणालींच्या अपडेटची एक प्रत ठेवली, तर आसपासच्या शाळांना ती जवळून मिळू शकते. १९९६ च्या सीडीमागची युक्ती हीच होती.

तिसरी गोष्ट पारदर्शकतेची. अपडेटच्या संदेशात एकूण आकार दिसतो, पण त्यातील सुरक्षिततेची दुरुस्ती किती आणि नवे वॉलपेपर किती, हे कळत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या करून दिल्यास, मर्यादित डेटा असलेला ग्राहक निदान आवश्यक ते तरी उतरवून घेईल. हार्डवेअरनुसार कोड तोडण्यापेक्षा या वाटणीतून त्याचा अधिक लाभ होईल.

सोर्स कोड तोडावा ही मागणी मुळात अन्याय्य नव्हती. मंद तारेच्या टोकाला बसलेल्या माणसाची ती रास्त तक्रार होती आणि ती तक्रार आजही पुरती मिटलेली नाही. फक्त तिचे उत्तर कोडची झाडे वेगळी लावण्यात नाही. झाड सामाईक राहिले तरच सर्वात स्वस्त फोनच्या आणि सर्वात जुन्या संगणकाच्या फांदीलाही पाणी मिळते. कापूरहोळला वाहने आपापल्या वाटेने पांगतात ते योग्यच आहे. पण तिथवरचा महामार्ग सर्वांचा असतो आणि त्याची देखभाल कोणा एका गावावर सोपवलेली नसते.